ऱ्होड आयलंडची दुसरी पलटण : एक पत्र आणि एक संमती

अमेरिकेतील यादवी युद्धावर जेवढे लिहिले गेले आहे तेवढे जगातील फार थोड्या युद्धांवर लिहिले गेले असेल. सेनापतींची चरित्रे, लढायांचे नकाशे, लिंकनचे व्याख्यान यांच्या त्या राशीतून एका मेजरने पत्नीला लिहिलेले एक पत्र गेल्या काही दशकांत असे वर आले आहे की, पुष्कळ अमेरिकन लोकांना त्या युद्धाविषयी दुसरे काही नाही तरी ते पत्र ठाऊक असते. केन बर्न्स यांनी १९९० साली या युद्धावर जो दीर्घ चित्रपट दूरचित्रवाणीसाठी तयार केला, त्यात ते पत्र वाचले गेले आणि घरोघरी पोहोचले. मेजरचे नाव सलिव्हन बलू. पत्राची तारीख १४ जुलै १८६१. युद्धाला आरंभ होऊन त्या दिवशी पुरते तीन महिने झाले होते आणि पहिली मोठी लढाई व्हावयास एक आठवडा उरला होता.

प्रेमपत्र म्हणून ते गाजले. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच आहे की, ते प्रेमपत्र आहेच, पण त्याहून अधिक ते एका कुटुंबप्रमुखाने मांडलेले हिशेबपत्र आहे. कोणाचे किती देणे आहे, त्यातले कोणते आधी फेडावयाचे आणि कोणते थकणार, याचा तो हिशेब आहे. तो नीट समजण्यासाठी त्याच पलटणीतील एका एकोणीस वर्षांच्या साध्या शिपायाची गोष्ट शेजारी ठेवून पाहावी लागते. म्हणून या लेखात दोघांचेही वृत्त देण्याचे योजिले आहे.

प्रथम प्रसंग थोडक्यात सांगितला पाहिजे. १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेकडील फुटीर संस्थानांच्या तोफांनी चार्ल्सटन बंदरातील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर मारा सुरू केला. दुसऱ्याच दिवशी तेथील अधिकाऱ्याने किल्ला सोडण्याचे मान्य केले. १५ एप्रिलला अध्यक्ष लिंकन यांनी ७५,००० माणसे तीन महिन्यांच्या मुदतीने मागितली. तीन महिन्यांत सर्व आटोपेल अशीच बहुतेकांची समजूत होती. पण ३ मे रोजी आणखी ४२,०००हून अधिक स्वयंसैनिकांची मागणी निघाली, ती तीन वर्षांसाठी. या दोन मुदतींतले अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे. तीन महिने म्हणजे एक हंगाम. तेवढ्यापुरते दुकान भावाकडे सोपवता येते, पेरलेले शेत शेजाऱ्याच्या भरवशावर टाकता येते. तीन वर्षांसाठी घर सोडावयाचे तर घराची घडीच नव्याने बसवावी लागते. ऱ्होड आयलंडची पहिली पलटण तीन महिन्यांची होती, दुसरी तीन वर्षांची. बलू या दुसरीत होता.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतले सर्वांत लहान राज्य. तेथील ब्लॅकस्टोन नदीच्या खोऱ्यात अमेरिकेचा कापड-गिरणी धंदा जन्माला आला. गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेतला, गुलामांच्या हातांनी वेचलेला. राज्याचा तरुण गव्हर्नर विल्यम स्प्रेग हा स्वतः एका मोठ्या कापड-छपाईच्या घराण्यातला. तो पलटणीबरोबर रणांगणावर गेला, एवढेच नव्हे तर तेथे त्याच्या मांडीखालचे घोडे ठार झाले. ज्या मळ्यांवर आपली श्रीमंती उभी आहे त्याच मळेवाल्यांशी लढावयास निघालेले हे राज्य होते. (आपल्याकडे त्याच युद्धाने वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरबाजाराचे वेड माजून १८६५ साली ते ओसरले, हे वाचकांस ठाऊक आहेच.)

सलिव्हन बलूचा जन्म १८२९ साली याच खोऱ्यातील स्मिथफील्ड येथे झाला. वडील तो लहान असतानाच वारले. पोरकेपणात वाढलेल्या या मुलाने अँडोव्हरची फिलिप्स अकॅडमी, मग ब्राउन विद्यापीठ असे शिक्षण घेतले, न्यूयॉर्क राज्यातील एका कायदेशाळेत वक्तृत्व शिकवीत शिकवीत स्वतः कायदा शिकला, आणि १८५३ मध्ये वकिलीची सनद मिळविली. राज्याच्या विधिमंडळात तो आधी चिटणीस आणि पुढे १८५७ मध्ये सभापती झाला. १५ ऑक्टोबर १८५५ रोजी सेरा हार्ट शमवे हिच्याशी त्याचा विवाह झाला. युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांना दोन मुलगे होते. थोरला एडगर पाचाव्या वर्षात, धाकटा विली दोन-अडीच वर्षांचा. सैनिकी अनुभव म्हणावा तर राज्याच्या मिलिशियात कायदेविषयक अधिकारी म्हणून काम केले होते तेवढाच. जून १८६१ मध्ये गव्हर्नरने त्याला दुसऱ्या पलटणीचा मेजर नेमले. १९ जूनला पलटण प्रॉव्हिडन्सहून निघाली आणि तीन दिवसांनी वॉशिंग्टनला पोहोचून शहराबाहेर तंबू ठोकून राहिली.

याच पलटणीच्या डी कंपनीत एलायशा हंट ऱ्होड्स नावाचा मुलगा होता. १८४२ साली पॉटक्सेट या गावी जन्मलेला. वडील जहाजाचे कप्तान. डिसेंबर १८५८ मध्ये बहामा बेटांजवळ वादळात त्यांचे जहाज बुडाले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. सोळा वर्षांच्या एलायशाला व्यापारी शाळेतले शिक्षण सोडून प्रॉव्हिडन्समध्ये गिरण्यांना सामान पुरविणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनी धरावी लागली. घरी विधवा आई आणि दोन धाकटे भाऊ. घराचा कर्ता म्हणावा तर हा कारकुनच. त्याने पुढे छापली गेलेली आपली रोजनिशी चारही वर्षे लिहिली. त्याच्या पणतवाने ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि बलूच्या पत्राप्रमाणे तीही बर्न्स यांच्या चित्रपटाने लोकांसमोर आणली.

एलायशाला नाव नोंदवावयाचे होते. त्या काळच्या नियमाप्रमाणे एकवीस वर्षांखालील मुलाला आईबापांची संमती हवी असे. ही वयोमर्यादा पुढे फेब्रुवारी १८६२ मध्ये अठरावर आणली गेली. आईने प्रथम साफ नकार दिला. तिच्या नकारात भित्रेपणा शोधणे अन्यायाचे होईल. तिचा नवरा समुद्राने अडीच वर्षांपूर्वी नेला होता आणि आता मिळवता मुलगा मागितला जात होता. तो रविवार घरात कसा गेला हे ऱ्होड्सने लिहून ठेवले आहे : आई डोळ्यांत पाणी आणून घरात वावरते आहे, मुलगा काही न बोलता आपले दुःख गिळतो आहे. रात्री तो अंथरुणावर पडल्यावर आई त्याच्या खोलीत आली आणि तिने सांगितले की, इतर आया त्याग करीत आहेत, मग मीच का करू नये. जाणे हे तुझे कर्तव्य आहे असे तुला वाटत असेल तर माझी संमती आहे. मुलाला तिच्यात प्राचीन स्पार्टाची माता दिसली. एकोणीस वर्षांच्या, शाळेत ग्रीक इतिहास वाचलेल्या मुलाला तसे दिसणे साहजिक होते. आम्हांला मात्र त्या स्त्रीने दिवसभर केलेला विचार अधिक महत्त्वाचा वाटतो. तिच्या होकारात एक अट दडलेली आहे : तुझे कर्तव्य कोणते ते तू ठरव. घराचे ओझे ती आपल्या अंगावर घेते, पण निर्णयाचे ओझे मुलाच्याच खांद्यावर ठेवते.

यात एक योगायोग पाहण्यासारखा आहे. दोन वर्षांनी, ३ मार्च १८६३ रोजी उत्तरेकडील काँग्रेसने सक्तीच्या भरतीचा कायदा केला. त्या कायद्यात काही जणांना सूट होती. ज्या विधवेचे पोट मुलाच्या कमाईवर चालते तिच्या, भरतीस पात्र अशा एकुलत्या एक मुलाला सूट. आईविना असलेल्या बारा वर्षांखालील मुलांच्या बापाला सूट. ऱ्होड्सचे भाऊ लहान असल्यामुळे त्या घरात भरतीस पात्र असा तोच एक होता. म्हणजे ही सूट नेमकी त्याच्या परिस्थितीसाठी लिहिल्यासारखी आहे. उलट बलूसारख्या, पस्तिशीच्या आतल्या, बायको हयात असलेल्या बापाला मात्र सूट नव्हती. कायद्याने त्याला पहिल्या वर्गातच धरले असते. विवाहितांना मागे ठेवण्याची सवलत पस्तिशीच्या पुढच्यांना होती. (तीनशे डॉलर भरून सुटण्याची सोयही होती, ती कोणाच्या कामाची होती हे निराळे सांगावयास नको.) १८६३ साली जे सरकारने ठरविले ते १८६१ साली प्रत्येक घराला आपल्या चुलीपाशी बसून ठरवावे लागले. स्वयंसैनिक या शब्दाचा खरा भार येथे आहे. आपल्याला बोलावणे आले म्हणून गेलो, असे म्हणण्याची सोय त्या वर्षीच्या माणसाला नव्हती. बायकोने विचारले, ‘तुम्हीच का?’ तर उत्तर स्वतःच शोधावे लागे.

बलूचे पत्र हे त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आता पत्राकडे वळू. एक-दोन दिवसांत, कदाचित उद्याच, कूच होईल अशी लक्षणे आहेत आणि पुन्हा लिहिणे घडेल न घडेल म्हणून लिहितो आहे, असा त्याचा आरंभ आहे. ज्या कार्यासाठी आलो आहे त्याविषयी मनात किंतु नाही, असे तो सांगतो. येथे त्याने दिलेले कारण हिशेबाचे आहे. आजचे राज्य ज्यांनी क्रांतियुद्धात रक्त सांडून उभे केले त्यांचे आपल्यावर ऋण आहे, आणि ते फेडण्यासाठी आपल्या आयुष्यातील सर्व सुखे ओतावयास मी तयार आहे. आपल्या वाचकांना ही भाषा परकी वाटू नये. पितृऋणाची कल्पना आपल्याकडे शास्त्रातच नव्हे तर बोलण्यातही आहे. पण आपल्या परंपरेत पितृऋण फेडावयाचे ते प्रजोत्पादनाने, म्हणजे घर पुढे चालवून. बलूच्या हिशेबात पूर्वजांचे ऋण फेडावयाचे तर घर मागे टाकावे लागते, आणि येथेच त्याचा हिशेब अडतो.

कारण लगेच पुढच्या वाक्यांत तो मान्य करतो की, मी माझी सुखे टाकतो आहे, पण त्यांच्याबरोबर तुझीही जवळजवळ सगळीच टाकतो आहे. आणि मग त्याहूनही कठीण अशी गोष्ट : पोरकेपणाचे कडू फळ मी स्वतः वर्षानुवर्षे चाखले आहे, आता तेच माझ्या लहानग्यांच्या ताटात वाढावे लागणार. असे असता, देशावरील प्रेमाशी माझ्या मनातले तुमच्यावरील प्रेम झगडत असेल तर त्यात लाज वाटण्याजोगे काय आहे, असे तो विचारतो. हा झगडा निष्फळ आहे हेही त्याला दिसते, तरी तो तो लपवीत नाही. वकील असून त्याने या ठिकाणी बाजू मांडलेली नाही. दोन्ही देणी कबूल केली आहेत आणि एक बुडणार हे सांगितले आहे.

तो हे लिहितो तेव्हा उन्हाळ्यातील शांत रात्र आहे. भोवती दोन हजार माणसे झोपली आहेत आणि त्यांतील कित्येकांची ती मृत्यूपूर्वीची शेवटची झोप असेल, असे त्याच्या मनात येते. आपल्या हेतूत काही हीण आहे का, हे आपण धुंडाळून पाहिले आणि तसे काही सापडले नाही, असेही तो नोंदवतो. शिक्षक म्हणून मला हा भाग विशेष वाटतो. एवढ्या प्रांजळपणे स्वतःची उलटतपासणी घेणारा माणूस साक्षीदार म्हणून फार भरवशाचा असतो. पुढे पत्नीवरील प्रेम जाड दोरखंडांसारखे आपल्याला बांधून ठेवते आणि देशप्रेमाचा वारा त्या बंधनांसकट आपल्याला ओढून नेतो, ही जी उपमा येते तिच्यावरच बहुतेक वाचक थांबतात. ती सुंदर आहेच. परंतु तिच्यानंतर आपल्या चुका, आपला अविचार यांबद्दल तो क्षमा मागतो. मेल्यानंतरही तुझ्याजवळ असेन असे आश्वासन देतो. आणि शेवटी मुलांकडे वळतो. विलीला मी आठवणारही नाही एवढा तो लहान आहे. एडगरला मात्र माझी पुसट आठवण राहील. त्यांना वाढविण्याचे काम तुझ्या हाती आहे आणि त्याविषयी मला पूर्ण भरवसा आहे. मग स्वतःच्या आईला आणि सासूला, दोघींना आशीर्वाद मागून पत्र संपते.

येथे त्या चित्रपटाविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. वेळेच्या बंधनामुळे असेल, पण पत्राचा जो भाग तेथे वाचला गेला त्यातून पोरकेपणाचा उल्लेख आणि मुलांविषयीचा शेवटचा मजकूर गळला आहे. त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या कानी राहतो तो प्रियकर; बाप आणि पोरका मुलगा हे दोघे पडद्यामागे जातात. माझ्या मते पत्राची सगळी कळ त्या दोघांत आहे. सेराला तो मोठी माणसासारखी क्षमा मागू शकतो. दोन वर्षांच्या विलीची क्षमा कशी मागणार?

या जागी थोडे विषयांतर करतो. आमच्या बेळगावात मराठा पलटणीचे केंद्र आहे आणि आमच्या शाळेत सैनिकांची मुले नेहमीच असतात. प्रवेश-अर्जावर ‘पालकाची सही’ या ओळीवर कधी आईची सही असते, कधी आजोबांची, कधी मामांची. वडील सीमेवर असतात. पालकसभेला आजोबा येतात आणि ‘पत्र आल्यावर कळवतो’ म्हणत. आता ‘फोन आल्यावर’ म्हणतात. या घरांना वर्षांची सवय असते. पगार येतो, निवृत्तिवेतनाची सोय असते, शेजारच्या घरातही तेच चाललेले असते. १८६१ सालच्या प्रॉव्हिडन्समध्ये अशी सवय कोणाला नव्हती. वकिलाच्या बायकोला, कारकुनाच्या आईला हे सर्वस्वी नवे होते. म्हणून त्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्यांची सोय कशी लावली गेली, हे पाहिले पाहिजे.

सोय सगळीकडे सारखी नव्हती. साध्या शिपायाला प्रथम महिना ११ डॉलर, ऑगस्ट १८६१ पासून १३ डॉलर मिळत, आणि तेही पगारवाटपाला विलंब झाला की महिनोन् महिने थकत. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने मे १८६१ मध्येच कायदा करून गावांना सैनिकांच्या कुटुंबांसाठी कर उभारण्याची परवानगी दिली. अवलंबून असलेल्या प्रत्येक माणसामागे आठवड्याला एक डॉलर, पण एका कुटुंबाला महिना बारापेक्षा जास्त नाही, एवढी रक्कम राज्य गावाला परत करी. विस्कॉन्सिनने कुटुंबामागे महिना पाच डॉलर ठेविले. या आकड्यांकडे पाहिले म्हणजे ऱ्होड्सच्या आईने कशाला होकार दिला ते नीट कळते. कारकुनाच्या पगारावर चालणारे घर तिने शिपायाच्या पगारावर चालवावयाचे कबूल केले होते.

दक्षिणेकडे घराचा प्रश्न निराळ्या रीतीने उभा राहिला. तेथील स्वयंसैनिकाला घर आणि देश यांत निवड करावी लागत आहे असे सहसा वाटले नाही. शत्रू आपल्या दारात येतो आहे, म्हणून घरासाठीच लढावयाचे, अशी त्याची समजूत होती. रॉबर्ट ली याने एप्रिल १८६१ मध्ये संयुक्त संस्थानांच्या सैन्याचा राजीनामा दिला तेव्हा बाल्टिमोरला असलेल्या बहिणीला लिहिले की, आपल्या नातलगांविरुद्ध, मुलांविरुद्ध, घराविरुद्ध हात उचलण्याचा निश्चय आपल्याला करवत नाही. ती बहीण संघराज्याच्या बाजूची होती आणि तिचा मुलगा उत्तरेकडून लढला. केंटकीच्या सेनेटर क्रिटेंडन यांचे दोन मुलगे दोन्ही बाजूंना सेनापती झाले. ‘यादवी’ या आपल्या शब्दाचा अर्थ अशा घरांत अक्षरशः खरा झाला. अर्जुनाचा विषाद मात्र लीला झाला की क्रिटेंडन बंधूंना, हे सांगणे अवघड आहे. बलूचा विषाद त्या जातीचा नव्हताच. समोर स्वजन उभे आहेत याचे दुःख त्याला नाही. मागे उभे आहेत त्यांचे आहे.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही. गुलामगिरीचा उल्लेख त्यात एकदाही येत नाही. बलू रिपब्लिकन पक्षाचा, लिंकनचा समर्थक. पण पत्रात तो बोलतो ते सरकारविषयी आणि क्रांतीच्या वारशाविषयी. १८६१ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडील पुष्कळांचे असेच होते. व्हर्जिनियात त्या वेळी सुमारे चार लाख नव्वद हजार गुलाम होते, आणि त्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. नवरा, बायको, मूल यांची विक्री वेगवेगळी होऊ शके. मे १८६१ मध्ये तीन गुलाम फोर्ट मन्रोच्या आश्रयाला आले, ते आपल्याला घरापासून दूर तटबंदीच्या कामाला नेणार या भीतीने. म्हणजे कुटुंब जोडून ठेवणे हे काहींसाठी युद्धाचे कारणच होते. पुढे मार्च १८६५ मध्ये काँग्रेसने, सैन्यात आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त करणारा ठराव केला. ज्योतिराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण केला, तो या सगळ्या फळाकडे पाहून. बलूच्या पत्राला त्या फळाची कल्पना नव्हती. याचा दोष त्याला देऊ नये. पण पत्र वाचताना हे रिकामे स्थळ डोळ्यांआड करू नये.

१६ जुलैला सैन्य हलले. २१ जुलैला, रविवारी, मनॅसासजवळ बुल रन या ओढ्याकाठी लढाई झाली. ऱ्होड आयलंडची दुसरी पलटण सडली येथे ओढा उतरून मॅथ्यूज टेकडीवर सर्वांत आधी भिडली. थोड्याच वेळात तोफेच्या गोळ्याने बलूचा पाय चिरडला आणि त्याचे घोडे मेले. कर्नल स्लोकम यालाही प्राणघातक जखम झाली; त्याला उचलून नेणाऱ्यांत ऱ्होड्स होता. सायंकाळी उत्तरेकडील सैन्याची दाणादाण उडाली आणि जखमी सडलीच्या चर्चमध्ये मागे राहिले. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून आठशेहून अधिक लोक ठार झाले. बलूचा पाय कापण्यात आला, पण तो वाचला नाही. आठवड्याभराने वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो तेथेच मरण पावला आणि चर्चजवळ पुरला गेला. ऱ्होड्स त्या गर्दीतून रात्रभर चालून वॉशिंग्टनला परतला.

पुढची हकीकत लिहावयास जड जाते. मार्च १८६२ मध्ये दक्षिणेचे सैन्य तो भाग सोडून गेले तेव्हा गव्हर्नर स्प्रेग आपल्या अधिकाऱ्यांचे देह परत नेण्यासाठी माणसे घेऊन सडलीला गेला. ते कबर शोधीत असता जवळपास राहणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलीने त्यांना सांगितले की, कर्नल स्लोकमला शोधीत असाल तर दक्षिणेच्या सैनिकांनी त्याला उकरून त्याचे शिर तोडले आणि धड जाळले. जागा दाखविली तेथे राख, हाडे आणि अंगातले सदरे सापडले. सदऱ्यांवरून स्प्रेगने ओळखले की देह स्लोकमचा नव्हता. सूड घेणाऱ्यांनी चुकून बलूची कबर उकरली होती. स्प्रेगने ही साक्ष युद्धाच्या चौकशीसाठी नेमलेल्या काँग्रेसच्या समितीपुढे दिली. राख आणि हाडे प्रॉव्हिडन्सला आणून स्वान पॉइंट येथील दफनभूमीत पुरण्यात आली. जिच्यासारख्या मुलीविषयी पत्रात एक अक्षर नव्हते तिने दाखविलेल्या जागेमुळेच बलूचे जे काही उरले होते ते घरी पोहोचू शकले.

पत्र टपालात पडलेच नव्हते. त्याच्या सामानाच्या पेटीत ते सापडले आणि पत्नीकडे आले. सेरा तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होती. १४ जुलै १८६२ रोजी, म्हणजे पत्राच्या तारखेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, निवृत्तिवेतनाचा नवा कायदा झाला. त्याप्रमाणे शिपायाच्या विधवेला महिना आठ डॉलर आणि मेजरच्या विधवेला पंचवीस डॉलर मिळावयाचे होते. १८६६ पासून सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे दोन डॉलर वाढले. हुद्द्याप्रमाणे वैधव्याची किंमत ठरते हे वाचून चमत्कारिक वाटते, पण पगाराच्या तक्त्यांचे तर्कशास्त्र सर्व देशांत असेच असते. तेवढ्यावर भागत नव्हते. सेराने पियानोच्या शिकवण्या केल्या आणि पुढे प्रॉव्हिडन्सच्या सार्वजनिक शाळांच्या समितीची चिटणीस म्हणून ती दीर्घकाळ काम करीत होती. तिने दुसरे लग्न केले नाही. दोन्ही मुलगे वाढले. नवऱ्याने पत्रात ज्या एका कामाविषयी पूर्ण भरवसा दाखविला होता ते काम तिने शाळांचे कागद सांभाळून पुरे केले, हे आम्हां शाळेतल्या माणसांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

पत्राची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. उतारे अनेक आहेत आणि त्यांत शब्दांचे थोडेफार अंतर आहे. काहींचे म्हणणे, मूळ पत्र सेराबरोबरच तिच्या शवपेटिकेत गेले. तसे असल्यास तिने योग्य केले असे मी म्हणेन. ते तिचे होते.

ऱ्होड्स वाचला. चारही वर्षे तो त्याच पलटणीत राहिला आणि लढाईमागून लढाई पाहत शिपायाचा कर्नल झाला. जुलै १८६५ मध्ये पलटण घेऊन घरी परतला तेव्हा त्याचे वय तेवीस होते, आणि रविवारच्या रात्री त्याच्या खोलीत येऊन होकार देणारी आई वाट पाहत होती. पुढे तो प्रॉव्हिडन्समध्येच व्यापार करून राहिला. १९१७ च्या जानेवारीत तो वारला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, सेरा बलू आपल्या धाकट्या मुलाकडे, ज्याला वडील आठवतही नव्हते त्या विलीकडे, न्यूजर्सीत निधन पावली. तिला स्वान पॉइंटला आणून पतीशेजारी पुरण्यात आले. ऱ्होड्सची कबरही त्याच दफनभूमीत आहे. बलूच्या स्मारकावर पत्राच्या अखेरचे शब्द कोरलेले आहेत. ज्या शेवटच्या मजकुरात मुलांचा उल्लेख आहे, त्यातलेच ते आहेत.